शेजपाला

मार्थाबाई रणभिसे मिरजेहून आल्या
हॉर्लिक्सच्या बरणीत एक फांदी घेऊन.
पानं राखाडी, मांजराच्या कानासारखी लवदार.
म्हणाल्या, "सेज. आमच्या कंपाउंडात चिक्कार आहे."
ह्यांनी गच्चीच्या दारातूनच विचारलं,
"शेज? आता ही कुणाची शेज?"
आणि हसले, नुसतेच खांदे हलवून.

आवाज त्यांचा मार्केट यार्डात सांडलेला.
चौतीस वर्षं हळदीचा सौदा पुकारला,
नऊ हजार, नऊ हजार एक, बोला, बोला,
घशात पिवळी धूळ बसली.
घरी जेवताना
मीठ हवं तरी बोट दाखवायचे.

पहिलं रोप मी लाडानं मारलं.
कृष्णाकाठची बाई मी,
पाणी म्हणजे माया, एवढंच ठाऊक.
सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर.
काळ्या मातीत आठवड्यात ते काळं पडलं.
मार्थाबाई रागावल्या नाहीत.
"कुंडीत खडी घाला, वाळू घाला.
आणि तहान लागू द्या त्याला जरा."

तहान लागू द्या.
हे मला कुणीतरी
अभिनंदन पुण्याला जायच्या आधी सांगायला हवं होतं.

दुसरं रोप जगलं,
पाण्याच्या टाकीआड, दुपारचं ऊन चुकवून,
पुराच्या रेघेच्या दोन मजले वर.
चार पानं, चिमूटभर मीठ, उकळतं पाणी.
रोज पहाटे न्हाणीतून गुळण्यांची गडगड.
पंधराव्या दिवशी ह्यांनी मीठ मागितलं.
तोंडानं.
मी पळी हातात तशीच धरून उभी.
पाल्याचा गुण, की मार्थाबाईंनी
दटावून घ्यायला लावलेल्या रजेचा,
कोण जाणे. मीठ मात्र मी जास्तच वाढलं.

माझं मी कुणाला सांगितलं नव्हतं.
पन्नाशी ओलांडताना रात्री अंगात भट्टी पेटायची,
चादर फेकायची, पुन्हा ओढायची,
पंखा पाचावर, आणि हे बाजूला कुडकुडत.
मार्थाबाईंची हयात वॉर्डात गेलेली.
माझ्या मानेवरचा घाम बघून एवढंच म्हणाल्या,
"दोन पानं तुम्हीही घेत जा की."

दिवस मावळल्यावर तोंडात काही नाही, घरचा नेम.
म्हणून उन्हं असतानाच कप संपवायचा,
कडसर, थोडा कापूर, थोडी जुनी ट्रंक.
सगळ्या रात्री निवल्या असं नाही म्हणणार.
पण दीड वाजता अंग पेटलं
की आता गच्चीवर जायला ठिकाण आहे.
एक पान चोळायचं, हात नाकाशी धरायचा.
वारा फिरला की कारखान्याची मळी येते,
तोवर ह्या वासात उभं राहायचं.

आमच्या भडंगात लसूण नसतो.
पद्मल, माझी चुलतजाऊ, म्हणते,
बिनलसणाचं भडंग म्हणजे बिनवाजंत्रीची वरात.
दिवाळीला मी पाला तेलात सोडला, कुरकुरीत केला,
आणि गप्प बसले.
ती बोटं चाटत, "काय घातलंयस गं?
कढीपत्ता न्हवं ह्यो!"
डबा अर्धा होईस्तोवर मी नाव सांगितलं नाही.

थंडी सरता सरता जांभळे तुरे आले.
मधमाश्या कुठून आल्या ठाऊक नाही,
पण खाली कुडच्यांच्या दोडक्याला
यंदा फळ धरलं, आणि त्यांच्या सुनेनं
मान वर करून बघितलं.

सेज कुणाच्या तोंडी बसत नाही इथं.
शेजपाला म्हणतात,
शेजारून येतो म्हणून असेल.
कुडच्यांची सून फांदी मागायला आली
तेव्हा हे कठड्याला टेकून उभे राहिले
आणि फाटक्या आवाजात, पण पुकारलाच सौदा:
"एक फांदी, एक फांदी, बोला, बोला!"
ती खालून म्हणाली, "भरली दोडकी, काका!"
"दिली!"

मी बरणी धुतली.
वरून ओरडून सांगितलं तिला,
"पाणी कमी घाल गं."